एका पट्टीत किती सूर्य?

साशंक : मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर दिवे लावायचे म्हटलं की हल्ली फारसा विचार होत नाही. लोहार चाळीतून किंवा बुधवार पेठेतून एलईडी स्ट्रिपचं पाच मीटरचं रीळ आणायचं, मागचा कागद सोलायचा आणि वरच्या फळीला चिकटवून मोकळं व्हायचं. गणपतीच्या मखराला ते शोभतं, कारण तिथे झळाळीच हवी असते. रेल्वेच्या लेआउटवर पाहणाऱ्याला पटायला हवं की हा बोरघाट आहे, दुपारचे तीन वाजलेत आणि गाडी कर्जतहून खंडाळ्याकडे चढते आहे. १:८७ या प्रमाणात माणूस दोन सेंटिमीटरचा होतो, आयसीएफचा प्रवासी डबा पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. डोंगर, झाडं, तारांचे खांब, सगळं लहान करता येतं. प्रकाश लहान करता येत नाही. माझा पहिला आक्षेप हाच आहे. पट्टी हा सूर्याच्या अगदी उलट्या स्वभावाचा दिवा आहे. सूर्य एक असतो आणि साध्या पट्टीवर मीटरला साठ दिवे असतात.

हौशी : मापापासूनच सुरुवात करू, कारण माप माझ्या बाजूचं आहे. सूर्य आपल्याला आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. पट्टीवरच्या ५०५० चिपची बाजू ५ मिलिमीटर असते. पट्टी लेआउटच्या वर ६० सेंटिमीटरवर टांगली, तर रुळांवरून पाहिलं असता ती एक चिपही जवळजवळ अर्ध्याच अंशाची दिसते. छतावरच्या ट्यूबलाइटशी तुलना करा. चार फुटांची ट्यूब मॉडेलच्या जगात आकाशाचा केवढा तरी पट्टा व्यापते. पट्टीवरची एकेक चिप निदान आकाराने सूर्याच्या बरोबरीची आहे. ती एकटी नसते एवढीच अडचण, आणि त्या अडचणीचाही उपयोग करून घेता येतो.

ही भूमिती बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण पट्टी विकत घेताना तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. पट्टी बहुधा रुळांना समांतर टांगलेली असते. त्यामुळे तिच्याच दिशेने धावणाऱ्या कडा, म्हणजे फलाटाच्या छपराची कड किंवा डब्याच्या टपाची रेघ, चांगली स्पष्ट सावली टाकतात. तारांच्या खांबाचं तसं होत नाही. त्याची सावली साठ दिव्यांनी साठ ठिकाणी टाकलेली असते आणि त्या साठ सावल्या एकमेकींत मिसळून नाहीशा होतात. एकाच दृश्यात छपराला सावली आहे आणि खांबाला नाही. पाहणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. मीटरला तीसच दिवे असलेली स्वस्त पट्टी फार जवळ टांगली, तर खांबामागे फिकट सावल्यांचा पंखाच उघडलेला दिसतो. सीओबी जातीच्या पट्टीत दिवे इतके दाट असतात की प्रकाशाची सलग रेघ दिसते. तिच्यात हा पंखा नसतो, पण खांबाची सावलीही उरत नाही.

साशंक : म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. दख्खनच्या पठारावरची एप्रिलमधली दुपार डोळ्यांसमोर आणा. सावली काळी, कडेला धारदार. बाभळीच्या झाडाखाली पडलेली जाळी मोजता येईल इतकी स्पष्ट. दौंडचं किंवा मनमाडचं यार्ड कुणी सहा महिने खपून उभं केलं आणि त्यावर असा पसरट उजेड टाकला, तर त्या यार्डातलं ऊनच गेलं. खडीवर कितीही धूळ चढवा, डब्यांवर कितीही गंज रंगवा, ते कारखान्याच्या शेडमध्ये ठेवल्यासारखं दिसणार.

हौशी : मनमाडबाबत मी वाद घालणार नाही. पण तुम्ही सुरुवातीला बोरघाटाचं नाव घेतलंत. बोरघाट ऑगस्टमध्ये पाहा. ढग डोंगरांना टेकलेले, सावली नावालाही नाही, उजेड निळसर राखाडी आणि सगळीकडून येणारा. हिरव्याच्या किती छटा असतात ते त्याच उजेडात कळतं. हा प्रकाश पट्ट्यांना जमतो. एकीच्या जागी तीन-चार पट्ट्या समांतर, प्रत्येकीत हातभर अंतर, खाली दुधी पत्रा, प्रकाशाचं तापमान ६५०० केल्विन. स्पॉटलाइटने हे कधीच साधणार नाही. सह्याद्रीचं मॉडेल करणाऱ्यांनी परदेशी पुस्तकं वाचून दुपारचं लख्ख ऊन धरून बसायचं काय कारण आहे? आपल्याकडे चार महिने असे जातात की ज्यांचा प्रकाश पट्टीच्या स्वभावाशी जुळतो.

साशंक : चार पट्ट्या लावल्या तरी त्या वरूनच प्रकाश देणार. टप उजळ आणि डब्याची बाजू अंधारी. पाहणाऱ्याला दिसते ती बाजूच.

हौशी : ती टांगायची जागा चुकल्याची खूण आहे. पट्ट्या रुळांच्या डोक्यावर नकोत. त्या लेआउटच्या पुढच्या कडेच्याही थोड्या पुढे, पाहणाऱ्याच्या बाजूला, वरून सोडलेल्या झालरीच्या आड हव्यात. मागच्या बाजूला लावल्या तर घात होतो, कारण समोरचा भाग काळवंडतो. आणि पुढे लावल्या तरी गाडी रंगवलेल्या आकाशाच्या फार जवळून नेऊ नये. नाहीतर तिची सावली ढगांवर पडते, आणि आकाशावर सावली पडली की आकाश संपलं, तिथे फक्त प्लायवुड उरतं.

इथवर हौशी माणसाचं पारडं जड आहे. पण जागा आणि सावली हा प्रश्नाचा सोपा अर्धा भाग होता. साशंकाचा खरा आक्षेप रंगाबद्दल आहे, आणि तो सहज परतवता येणारा नाही.

साशंक : पांढरी एलईडी मुळात निळी असते. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर चढवतात आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. पण त्या पांढऱ्यात गडद लाल फार कमी असतो. खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतील याचा आकडा, ८० लिहिलेला असतो आणि माणूस निर्धास्त होतो. तो आकडा आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांची सरासरी आहे. गडद लाल हा नववा नमुना, आर-नाइन, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. सीआरआय ८० असलेल्या पट्टीचा आर-नाइन शून्याच्या आसपास असू शकतो, कधी शून्याच्याही खाली. आता आपल्या रेल्वेचा रंग आठवा. नव्वदच्या दशकापर्यंत देशभर धावलेले डबे विटकरी होते. त्या विटकरीत जो लाल आहे तोच या पट्टीखाली मरतो आणि डबा तपकिरी, मातकट दिसतो. मग मॉडेल करणारा रंगाला दोष देतो, त्यात लाल वाढवतो, आणि तोच डबा उन्हात नेला की भडक निघतो.

हौशी : हे खरं आहे, आणि यात मी स्वस्त पट्टीची बाजू घेणार नाही. पण हा दोष पट्टी या प्रकाराचा नाही, फॉस्फरच्या निवडीचा आहे. सीआरआय ९० किंवा ९५ च्या पट्ट्या मिळतात, आणि चांगला उत्पादक आर-नाइनचा आकडा वेगळा छापतो. तो छापलेला नसेल तर विचारावा, आणि उत्तर मिळालं नाही तर ती पट्टी घेऊ नये. रंगीत आरजीबी पट्टीतून पांढरा प्रकाश बनवण्याच्या मोहात तर अजिबात पडू नये. लाल, हिरवा आणि निळा असे तीन अरुंद झोत मिसळून पांढरं दिसतं, पण त्यांच्या मधले रंग प्रकाशात जवळपास नसतातच. तिच्याखाली वाळलेलं गवत, लाकडी स्लीपर, माणसांची कातडी सगळं विचित्र होतं. रंगीत संध्याकाळ हवी असेल तर तिच्याबरोबर खऱ्या पांढऱ्याची वेगळी चिप असलेली पट्टी घ्यावी. आणखी एक गोष्ट. लागणारी सगळी पट्टी एकाच वेळी, एकाच बॅचची घ्यावी. सहा महिन्यांनी तीच कंपनी, तोच क्रमांक आणला तरी पांढऱ्यात हिरवट किंवा गुलाबी झाक वेगळी येऊ शकते, आणि दोन पट्ट्यांचा सांधा अर्ध्या डोंगरावर उमटतो.

साशंक : समजा, ९५ ची पट्टी आणली. तरी एक अडचण राहते, आणि ती पैशाने सुटत नाही. भर उन्हात जमिनीवर एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो. घरातल्या लेआउटवर पाचशे-हजार लक्स म्हणजे पुष्कळ झाले. आर. डब्ल्यू. जी. हंट यांनी १९५२ मध्ये दाखवून दिलं की प्रकाश कमी झाला की तोच रंग डोळ्याला कमी रंगीत दिसतो. म्हणजे खऱ्या डब्याचा रंग अचूक जुळवून मॉडेलला दिला, तरी तो खोलीत मंद दिसणार. मग काय करायचं? रंग वाढवायचा? पण त्याच वेळी मॉडेल करणाऱ्यांची जुनी शिकवण सांगते की लहान प्रमाणात रंग फिका करावा, कारण खरी गाडी आपण दुरून पाहतो आणि मधली हवा तिचा रंग धुते. एक नियम म्हणतो वाढवा, दुसरा म्हणतो कमी करा. तुमची पट्टी यातला कुठला पाळणार?

हौशी : पट्टी यातलं काहीच पाळणार नाही. पण ती एक गोष्ट नक्की करते, प्रकाश स्थिर ठेवते. आज जो प्रकाश आहे तोच उद्या, तोच रात्री अकराला. मग रंग किती वाढवायचा हे पुस्तकातून न ठरवता त्याच प्रकाशाखाली डोळ्याने ठरवता येतं. म्हणून मी म्हणतो की दिवे शेवटी लावायची पद्धतच उलटी आहे. आधी पट्टी टांगावी, मग पहिला डोंगर रंगवावा. खिडकीपाशी दिवसा रंगवायचं आणि रात्री पट्टीखाली पाहायचं, यातून कुणाचंच समाधान होत नाही. उजेड मंद असेल तर प्रकाशाच्या तापमानाचाही विचार करावा. फिलिप्समधल्या क्राइटहॉफ यांनी १९४१ मध्ये मांडलं होतं की थोड्या उजेडात निळसर पांढरा प्रकाश उदास वाटतो. त्यांचा आलेख पुढे वादात सापडला, पण माझ्या डोळ्याला तो पटतो. पाचशे लक्सला ६५०० केल्विन घाटातला पाऊस दाखवतो, आणि त्याच उजेडात उन्हाळा दाखवायचा तर ४००० च बरा.

मधल्या व्यावहारिक बाबींवर दोघांचं फारसं दुमत नाही, त्यामुळे त्या थोडक्यात. १२ व्होल्टची, मीटरला साठ ५०५० चिपांची पट्टी मीटरला सुमारे १४.४ वॅट घेते. पाच मीटरला ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. एवढा प्रवाह पट्टीच्या पातळ तांब्यातून जाताना वाटेत व्होल्टेज पडतं आणि शेवटचं टोक मंद दिसतं. उपाय दोन. दोन्ही टोकांना वीज द्यावी, किंवा २४ व्होल्टची पट्टी घ्यावी, कारण तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा होतो. १२ व्होल्टची पट्टी दर तीन दिव्यांनी कापता येते, २४ ची बहुधा दर सहा दिव्यांनी, एवढा फरक लक्षात ठेवावा. पॉवर सप्लाय गरजेपेक्षा निदान वीस टक्के मोठा हवा, त्याला फ्यूज हवा, आणि गाड्यांची वीज व दिव्यांची वीज वेगळी ठेवावी. घरात पाण्यापासून संरक्षणाचा थर असलेली पट्टी घेऊ नये. तो थर प्रकाशाचा रंग थोडा बदलतो आणि काही प्रकारांत काही वर्षांनी पिवळा पडतो. पट्टी अॅल्युमिनिअमच्या पट्टीवर बसवली की उष्णता बाहेर जाते आणि दिवे टिकतात.

पुन्हा मतभेद उफाळतो तो रात्रीवरून.

हौशी : आपण इतका वेळ एकाच वेळेच्या उजेडाबद्दल बोलतो आहोत. पट्टीचं खरं वैभव वेळ बदलण्यात आहे. हॅम्बुर्गचं मिनिआटुर वुंडरलँड हे लघु रेल्वेचं प्रदर्शन २००१ साली सुरू झालं. तिथे दर पंधरा मिनिटांनी दिवस आणि रात्रीचं एक चक्र पूर्ण होतं, आणि रात्र झाली की घरं, रस्ते, गाड्या यांचे लाखो दिवे लागतात. दूर कशाला, पुण्यात बी. एस. जोशी यांनी उभारलेलं लघु रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथल्या खेळातही अंधार होतो आणि शहर उजळतं. तो क्षण पाहताना मुलं आणि मोठी माणसं सारखीच पुढे वाकतात. एका ठरावीक वेळी गोठवलेलं लेआउट हे चित्र झालं, वेळ चालू लागली की ते गाव होतं. गरम आणि थंड अशा दोन पांढऱ्यांची पट्टी घेतली, की सकाळ ३००० केल्विनवर सुरू करून दुपारी ५००० वर आणि संध्याकाळी पुन्हा खाली आणता येते. जुना बल्ब मंद केला की आपोआप तांबूस होई. एलईडी मंद केली तरी रंग बदलत नाही, म्हणून या दोन पांढऱ्यांची गरज आहे.

साशंक : मला हाच भाग सगळ्यात धोकादायक वाटतो. रात्र म्हटलं की निळी पट्टी लावतात. चांदणं निळं नसतं. तो चंद्रावरून परतलेला सूर्यप्रकाश आहे, साधारण ४१०० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हापेक्षा थोडा तांबूसच. आणि पौर्णिमेलाही तो एका लक्सच्या पाव भागाएवढा. निळी रात्र ही नाटक-सिनेमातून आलेली समजूत आहे.

हौशी : समजूत असेल, पण ती डोळ्यातून आलेली आहे. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की अंधार पडू लागला की लाल फूल काळपट होतं आणि निळं फूल उजळ वाटतं. अंधुक प्रकाशात आपला डोळाच निळ्याकडे झुकतो. खरं चांदणं लेआउटवर आणायचं तर इतका काळोख करावा लागेल की कुणाला काहीच दिसणार नाही. त्यामुळे किंचित निळसर, फार मंद प्रकाश ही डोळ्याला सांगितलेली खूण आहे आणि मला ती प्रामाणिक वाटते. मध्य रेल्वेची गाडी १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर चालवतो तेव्हा आपण हेच करतो. १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १:८७ ने सव्वाएकोणीस मिलिमीटरचा व्हायला हवा. तो तसा नसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी गाडी मध्य रेल्वेचीच वाटते.

साशंक : रुळांची तडजोड सगळ्या लेआउटभर सारखी असते. प्रकाशाची तडजोड तासातासाला बदलते, हे तुम्ही विसरता. शिवाय रात्रीला वर्ष असतं. २०१५ मध्ये देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे लावायची मोहीम सुरू झाली आणि सोडियमचा तो जर्द पिवळा उजेड शहराशहरांतून गेला. तुमचं स्टेशन १९८५ चं असेल, तर बाहेरच्या रस्त्यावर पांढरा दिवा चालणार नाही. तिथे २००० केल्विनच्या जवळचा पिवळाच हवा. डब्यांच्या आत त्या काळचे मिणमिणते दिवे हवेत. पट्टीचे तीन दिव्यांचे तुकडे कापून टपात बसवतात ते ठीक आहे, पण ते पूर्ण तेजाने पेटवले की पॅसेंजरगाडी लग्नाच्या हॉलसारखी झगमगते. प्रवाह एखाद्या मिलिअँपिअरवर आणायला हवा.

हौशी : त्या सगळ्याला मी सहमत आहे. यातलं काहीच वेळ बदलण्याच्या विरुद्ध जात नाही.

साशंक : जातं. तुम्हीच म्हणालात की आधी पट्टी टांगावी आणि तिच्याखाली रंगवावं. कोणत्या पट्टीखाली? पहाटेच्या ३००० केल्विनखाली की दुपारच्या ५००० खाली? विटकरी डबा एका प्रकाशात जुळवला की दुसऱ्यात तो थोडा सुटतो. एका प्रकाशात एकसारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्यात वेगळे निघतात. डोंगराचा रंग एका डबीतला आणि वर शिंपडलेली कृत्रिम माती दुसऱ्या कारखान्याची असेल, तर दुपारी त्यांचा सांधा दिसणार नाही आणि संध्याकाळी दिसेल. ज्याला अचूक रंग हवा त्याने एकच प्रकाश निवडावा आणि तो कायमचा बंदिस्त करावा. ज्याला वेळ हवी त्याने रंगाच्या अचूकतेवर पाणी सोडावं. दोन्ही हातात धरता येत नाहीत.

हौशी : खऱ्या डब्यालाही हे सोसावं लागतं. तो पहाटे दादरला असतो आणि दुपारी पुण्याला. त्याचा रंग प्रत्येक तासाला वेगळा दिसतो आणि आपण त्याला खोटा म्हणत नाही.

साशंक : कारण त्याच्या भोवतीचं अख्खं जग त्याच प्रकाशात असतं आणि डोळा त्याला सरावतो. लेआउटभोवती तुमची खोली असते. खोलीत ६५०० ची ट्यूब चालू आहे आणि झालरीखाली ४००० ची पट्टी, तर डोळा खोलीला सरावलेला असतो आणि लेआउट पिवळट दिसतं. प्रदर्शनात नेलं की हॉलचे दिवे तुमच्या हातात नसतात. तुमची काळजीपूर्वक निवडलेली संध्याकाळ तिथे आजारी दिसेल.

या मुद्द्यावर हौशी माणूस पहिल्यांदा थांबून विचार करतो, आणि तो योग्यच थांबतो. डोळ्याचं सरावणं पट्टीच्या खोक्यावर छापता येत नाही. ९५ सीआरआय, २४ व्होल्ट, सलग सीओबी, सगळं अचूक निवडलं तरी पाहणारा कुठून आला आणि आधी कुठल्या प्रकाशात बसला होता हे निवडणाऱ्याच्या हाती नसतं.

हौशी : मग झालर आणखी खाली आणावी, दोन्ही बाजू बंद कराव्यात आणि खोलीचा दिवा घालवावा. पाहणाऱ्याच्या नजरेत फक्त लेआउटचा प्रकाश राहिला की डोळा दोन-तीन मिनिटांत त्याला सरावेल. प्रदर्शनात काळं कापड लावून हे बऱ्याच अंशी जमतं. घरी मी आधी हातभर लांबीच्या फळीवर खडी, गवत, एक विटकरी डबा आणि एक निळा डबा ठेवीन. वर ४००० आणि ६५०० अशा दोन पट्ट्यांचे एकेक मीटर टांगीन, दोन्ही ९५ च्या, दोघींना वेगळे डिमर. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाहीन. डबे दोन्ही टोकांना सुटले नाहीत तर मी वेळ बदलणार.

साशंक : आणि विटकरी सुटला तर?

हौशी : तर डब्याचा रंग मधल्या, ५००० च्या प्रकाशात पुन्हा जुळवीन, आणि टोकांना जेवढा सुटेल तेवढा सुटू देईन.

साशंक : मी तसं करणार नाही. मी ऑगस्टचा घाट घेईन, ६५०० वर ठेवीन आणि डिमर बसवणारच नाही. पावसाळ्यातल्या दिवसाला दुपार आणि संध्याकाळ यांत तसाही फारसा फरक नसतो. फक्त घाटातल्या बोगद्यांच्या तोंडाशी उजेड किती ठेवायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.